मदत हवी आहे: ४४ टनी शंटिंग इंजिनाचं मॉडेल सांध्यावर अडतंय

मंडळी, जनरल इलेक्ट्रिकच्या ४४ टनी डिझेल शंटिंग इंजिनाचं एचओ मापाचं (१:८७) जुनं मॉडेल घेतलंय. मधोमध केबिन, दोन्ही बाजूंना ठेंगणी नाकं. अमेरिकेत १९४० ते १९५६ या काळात बनलेलं हे इंजिन. वजन मुद्दामच ९० हजार पौंडांच्या आत ठेवलेलं, कारण १९३७ च्या करारानुसार त्याहून जड इंजिनावर वेगळा फायरमन (चालकाचा मदतनीस) ठेवावा लागे. हिशेबी लोक!

सरळ रुळावर मॉडेल झकास चालतं. पण सांध्यावरच्या (रूळ दोन वाटांना फुटतो ती जागा) प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा; प्लॅस्टिकचा असल्याने तिथे चाकांना वीज मिळत नाही), अगदी हळू नेलं की, थबकतं. बोटाने ढकललं की निघतं. चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून झालेत, फरक नाही. डीसीसी डीकोडर (रुळातून येणारे डिजिटल संदेश वाचून इंजिन चालवणारं सर्किट) आधीच बसवलेला आहे.

कीप-अलाइव्ह कपॅसिटर (वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा) टाकावा म्हणतो, पण २५ व्होल्टचा कपॅसिटर या अरुंद नाकात मावतो का? केबिनमध्ये ठेवला तर खिडक्यांतून दिसेल, ते मला नकोय. की सांधेच बदलून धातूच्या फ्रॉगचे घ्यावेत? खर्च वाढेल, पण बाकीच्या छोट्या इंजिनांनाही उपयोग होईल. कोणी केलं असेल तर वायरिंगचा फोटो टाका.