विषय : छताला आलेला डाग आणि छपराची देखभाल

मूळ पत्र

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

या हिवाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावरील खोलीत, बाहेरच्या भिंतीला अगदी लागून, छतावर फिकट तपकिरी रंगाचा लांबट डाग उमटला आहे. पावसाळी दिवसांत तो वाढत नाही. छपरावर भरपूर हिम साचून त्यानंतर ऊन पडले, की मात्र त्याची कड ओलसर होते आणि एक-दोन दिवसांत डाग थोडा पुढे सरकतो. छपरावर डांबरी शिंगल्स, म्हणजे ओळीओळीने एकमेकांवर चढवून खिळ्यांनी ठोकलेले पातळ तुकडे, आहेत. त्या नव्या नसल्या, तरी खालून पाहताना कोठे उखडलेल्या दिसत नाहीत. पाहणीसाठी बोलावलेल्या कंत्राटदाराने वर चढून थोड्याच वेळात खाली उतरून संपूर्ण छप्पर बदलावे लागेल, असे सांगितले. घराच्या आत येऊन डाग पाहण्याची तसदी त्यांनी घेतली नाही, त्यामुळे निर्णय घेण्यास मन धजत नाही.

इमारतींच्या तपासणीचे काम केलेले काका या यादीवर आहेत, त्यांनी सवडीने मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक सभासद

प्रत्युत्तर १

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य म्हणजे डाग पावसाने वाढत नाही, हे. शिंगल्सना भोक पडले असते, तर पावसाच्या पाण्याने ते आधी शोधून काढले असते. हिम साचल्यावर, ऊन पडल्यावर आणि तेही बाहेरच्या भिंतीलगत पाणी उतरते, तेव्हा पहिला संशय आइस डॅमचा, म्हणजे छपराच्या कडेवर तयार होणाऱ्या बर्फाच्या बांधाचा, घ्यावा लागतो आणि त्याचे मूळ बहुधा छपरावर नसून छपराच्या खाली, म्हणजे अॅटिकमध्ये (खोलीचे छत आणि छप्पर यांमधील पोकळीत) असते.

असे होण्याचे कारण साधे आहे. घरातील ऊब छताच्या फटींतून अॅटिकमध्ये शिरते, छपराचा मधला भाग आतून तापतो आणि त्यावरील हिमाचा सर्वांत खालचा थर वितळू लागतो. ते पाणी हिमाच्या आडून उतारावरून खाली वाहते, परंतु वळचणीचा भाग भिंतीच्या बाहेर असल्याने त्याच्याखाली ऊब नसते. तेथे पोचताच पाणी पुन्हा गोठते आणि बर्फाचा बांध तयार होतो. उन्हाने वितळण्याचा वेग वाढला, की या बांधामागे पाणी तुंबते. शिंगल्स उतारावरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी बनवलेल्या असतात, साठलेल्या पाण्यासाठी नव्हे. त्यामुळे ते पाणी शिंगल्सखाली शिरून वर सरकते, प्लायवूडच्या सांध्यातून गळते आणि नेमके बाहेरच्या भिंतीपाशी छतावर उतरते. छप्पर नवे घातले आणि खालची ऊब तशीच राहू दिली, तर नव्या शिंगल्सवरही हाच बांध तयार होईल.

म्हणून माझा आग्रह असा, की छपराची तपासणी शिडीपासून नव्हे, तर अॅटिकपासून सुरू करावी. कडाक्याच्या थंडीच्या सकाळी बॅटरी घेऊन वर जावे. पाय फक्त आडव्या लाकडांवर किंवा त्यांवर टाकलेल्या फळीवर द्यावा, कारण मधली जिप्समची पाटी माणसाचे वजन पेलत नाही. मग बॅटरीचा झोत प्लायवूडच्या खालच्या बाजूवर तिरका टाकून शिंगल्सचे जे खिळे आरपार आलेले असतात, त्यांची टोके पाहावीत. टोकांवर पांढरा हिमकण जमलेला असेल, तर घरातील दमट हवा वर येत आहे, याचा तो पुरावा आहे. हवामान उबदार झाले, की ही सगळी टोके एकाच वेळी ठिबकू लागतात आणि अनेक घरांत त्यालाच छप्पर गळते, असे समजले जाते. खिळ्यांभोवती काळसर वर्तुळे दिसली, तर हे बरेच दिवस चालले आहे, असे धरावे. स्नानगृहाच्या पंख्याची नळी कोठे जाते, तेही त्याच वेळी पाहावे. ती छपरातून किंवा भिंतीतून बाहेर न जाता अॅटिकमध्येच उघडी सोडलेली असणे ही फार सर्रास आढळणारी चूक आहे.

डागाच्या बरोबर वर भोक सापडेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. पाणी वाशाच्या कडेने कित्येक फूट घसरत जाते आणि एखादा खिळा किंवा सांधा आडवा आला, की तेथे खाली पडते. त्यामुळे लाकडावरील पाण्याची रेघ पकडून चढाच्या दिशेने माग काढावा.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. लोक आधी इन्सुलेशनचा, म्हणजे ऊब अडवणाऱ्या साहित्याचा, जाड थर टाकतात, पण फटी उघड्या असतील, तर हवा त्या थरातूनही वर येतच राहते. आधी छतातील दिव्यांच्या, तारांच्या आणि नळांच्या भोवतालच्या फटी तसेच अॅटिकच्या झडपेची कड बंद करावी आणि नंतर इन्सुलेशन वाढवावे. धुराड्याभोवतीची फट मात्र फोमने भरू नये. तेथे पत्रा आणि उष्णता सहन करणारे सीलंटच लागते. जुन्या प्रकारच्या छतातील दिव्यांवर इन्सुलेशन टाकणे हा आगीचा धोका आहे, तेव्हा त्याबाबत वीजतंत्रज्ञाला विचारावे. वळचणीतून हवा आत येण्याचे मार्ग इन्सुलेशनने बुजलेले नाहीत, हेही पाहावे, कारण थंड हवा खालून शिरून आढ्यापाशी बाहेर पडत राहिली, तरच छपराचा वरचा थर सर्वत्र सारखा थंड राहतो. अनेक बांधकाम नियमांत हवा जाण्यायेण्याची एकूण मोकळी जागा अॅटिकच्या क्षेत्रफळाच्या 1/150, तर ठरावीक अटी पूर्ण होत असल्यास 1/300 धरली जाते. ही जागा वळचण आणि आढे यांत साधारण निम्मी-निम्मी विभागलेली असावी.

आता बाहेरच्या बाजूविषयी. डांबरी शिंगल्सच्या सपाट विस्तारात गळती क्वचितच सुरू होते. ती सुरू होते जोडांपाशी. छपरातून वर आलेल्या नळाभोवती रबराची कॉलर असते आणि उन्हाने ती शिंगल्सच्या कितीतरी आधी तडकते. दुर्बिणीतून जमिनीवरूनही तिच्या कडेची भेग दिसू शकते. धुराड्याच्या किंवा भिंतीच्या कडेने प्रत्येक ओळीच्या शिंगलबरोबर पत्र्याचा एकेक काटकोनी तुकडा चढत गेलेला असतो. त्याऐवजी एकच लांब पट्टी लावून वर काळे सीलंट थापलेले दिसले, तर काम करणाऱ्याने वेळ वाचवला, असे समजावे. सीलंट उन्हाने आकसते आणि काही वर्षांत सुटते. तो तात्पुरता उपाय आहे, पत्र्याची जागा त्याने घेता कामा नये. ज्या ठिकाणी छपराची खालची कड भिंतीला भिडून संपते, तेथे पाणी भिंतीपासून दूर पन्हळीत ढकलणारा लहानसा वाकवलेला पत्रा हवा. तो नसला, तर पाणी वर्षानुवर्षे भिंतीच्या आवरणामागे उतरत राहते आणि लाकूड कुजेपर्यंत घरात काहीच दिसत नाही. माझ्या मते छपराशी संबंधित सर्वांत महागडे नुकसान याच हातभर जागेत होते.

पन्हळी वर्षातून निदान दोनदा, त्यातही पानगळ पूर्ण झाल्यावर, साफ कराव्यात. साफ करताना तळाशी वाळूसारखे काळे कण किती साचले आहेत, ते पाहावे. शिंगलवरील हे खनिज कण डांबराचे उन्हापासून रक्षण करतात. नव्या छपरावरून सुरुवातीला काही कण सुटणे स्वाभाविक आहे, परंतु जुन्या छपराच्या पन्हळीत ते मूठभर सापडू लागले, तर शिंगल्सचे आयुष्य सरत आले, असे धरावे. उतरत्या नळाचे तोंड पायापासून साधारण दोन मीटर दूर सोडावे, नाहीतर छपराने राखलेले घर तळघरातून ओले होते.

प्रेशर वॉशरने छप्पर धुण्याचा मोह टाळावा, कारण त्याच्या झोताने हेच कण निघून जातात. काळे पट्टे हे बहुतेक वेळा सूक्ष्म जीवाणूंचे असतात आणि ते केवळ दिसायला वाईट दिसतात. शेवाळाचे तसे नाही. ते शिंगलची कड उचलते आणि पाणी धरून ठेवते. ते मऊ ब्रशने वरून खाली, उताराच्या दिशेने काढावे आणि सावली धरणाऱ्या फांद्या छाटाव्यात.

आपला,
काका

प्रत्युत्तर २

काका आणि ताई, नमस्कार.

पत्र फार उपयुक्त आहे. दोन शंका विचारतो. आमच्याकडे वळचणीवर नागमोडी पसरलेल्या, विजेवर तापणाऱ्या तारा आधीच्या मालकांनी बसवलेल्या आहेत आणि त्यांनी काम भागते, असा माझा अनुभव आहे. मग अॅटिकचा एवढा उपद्व्याप प्रत्येकाने करावाच का? दुसरे म्हणजे, बांध तयार झालाच, तर तो फोडून काढण्यात काय गैर आहे? शेजारी दर वर्षी हातोडीने ते काम करताना दिसतात.

आणखी एक सभासद

प्रत्युत्तर ३

नमस्कार.

तारांमुळे बांधात पाणी निघून जाण्यापुरत्या वाटा तयार होतात, हे खरे आहे; ऊब बाहेर जाण्याचे मात्र त्याने थांबत नाही. म्हणजे घर तापवण्याची वीज किंवा गॅस एकदा वाया जातो आणि त्यातून झालेला बर्फ वितळवण्यासाठी दुसऱ्यांदा वीज खर्च होते. उताराची रचनाच अशी असेल, की दोन छपरांच्या घळीत हिम साचणे टळत नाही, तर तेथे तारा लावणे मला मान्य आहे. इतरत्र ती मलमपट्टी समजावी. तारा आहेतच, तर दर वर्षी थंडीपूर्वी त्यांचे आवरण कोठे सोलवटले नाही ना, हे पाहावे आणि त्यांच्या जोडणीला गळती प्रवाहाने बंद पडणारे संरक्षण असल्याची खात्री करावी.

हातोडीविषयी मी स्पष्टच लिहितो : तो प्रकार करू नये. गोठलेली शिंगल ठिसूळ असते आणि बर्फाबरोबर तिचाही तुकडा निघतो. शिवाय शिडीवर उभ्या माणसाच्या अंगावर बर्फाची लादी कोसळण्याचा धोका असतो. तातडीचा उपाय हवाच असेल, तर सुती मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो बांधावर आडवा न ठेवता उताराच्या दिशेने उभा ठेवावा, म्हणजे पाण्याला वाट मिळते. खाण्याचे किंवा रस्त्यावर टाकण्याचे साधे मीठ वापरू नये, कारण त्याने पत्रा आणि खिळे गंजतात आणि खालची झाडे करपतात.

त्याहून चांगली सवय म्हणजे हिमवर्षाव थांबताच, जमिनीवर उभे राहून, लांब दांड्याच्या हिम ओढण्याच्या फावड्याने वळचणीकडील एक-दीड मीटर पट्टा मोकळा करणे. पट्टा शिंगलपर्यंत खरवडू नये, वर पातळ थर राहू द्यावा. वर विजेची तार असेल, तर धातूचा दांडा हातात घेऊच नये. वजनाच्या दृष्टीनेही जागरूक असावे : 10 सेंटीमीटर जाडीचा निखळ बर्फ दर चौरस मीटरला सुमारे 92 किलो भरतो, तर तेवढ्याच जाडीचे ताजे, भुसभुशीत हिम त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी भरते. म्हणजे धोका थराच्या उंचीवरून नव्हे, तर त्याच्या ओलेपणावरून ओळखावा. हिम साचलेले असताना वरच्या मजल्याची दारे अचानक घट्ट होऊ लागली किंवा छतावर नवी भेग उमटली, तर फावडे बाजूला ठेवून घराबाहेर पडावे आणि तज्ज्ञाला बोलवावे.

काका

प्रत्युत्तर ४

काका, नमस्कार.

आपण सुचवल्याप्रमाणे अॅटिक पाहिले. खिळ्यांच्या टोकांवर हिमकण होते. स्नानगृहाच्या पंख्याची नळी जोडापासून निसटून इन्सुलेशनवर पडलेली आढळली आणि तिच्याभोवतीचे इन्सुलेशन ओले होऊन दबले होते. वळचणीकडे तर हवेचा मार्ग पूर्ण बुजलेला आहे. हे सर्व दुरुस्त करण्याचे ठरवले आहे. पुढेमागे छप्पर बदलण्याची वेळ आलीच, तर कंत्राटदाराकडून कोणत्या गोष्टी लेखी घ्याव्यात, तेवढे कृपया कळवावे.

प्रत्युत्तर ५

ताई, नमस्कार.

ओले इन्सुलेशन वाळण्याची वाट न पाहता तेवढा भाग काढून नवा टाकावा. पंख्याची नवी नळी इन्सुलेशन केलेली घ्यावी आणि ती बाहेर झडप असलेल्या व्हेंटपर्यंत शक्य तितकी सरळ न्यावी, कारण मध्ये झोळ राहिला, की त्यात पाणी साचते.

लेखी करारात पहिली अट ही घालावी, की जुन्या शिंगल्स काढून खालचे प्लायवूड तपासले जाईल आणि कुजलेल्या पाट्यांचा दर आधीच ठरलेला असेल. वाद नेहमी त्यावरूनच होतो. वळचणीला चिकटणारा जलरोधक पडदा बाहेरच्या भिंतीच्या आतल्या रेषेपासून निदान 60 सेंटीमीटर आतपर्यंत यावा. वळचण रुंद असेल, तर त्या हिशेबाने पडद्याची एक रुंदी पुरत नाही आणि दोन ओळी लागतात. भिंतीलगतचे आणि धुराड्याभोवतीचे पत्रे नवे बसवले जातील, जुने पुन्हा वापरले जाणार नाहीत, हे शब्दांत लिहून घ्यावे. वाऱ्याचा मारा असलेल्या जागी प्रत्येक शिंगलला चारऐवजी सहा खिळे मारण्यास सांगावे, कारण वारा कडा, कोपरे आणि आढे या ठिकाणीच सर्वाधिक जोराने उचल देतो. शिंगलमागील चिकट पट्टी उन्हाच्या उष्णतेने बसते. काम ऐन थंडीत होणार असेल, तर कडांच्या शिंगल्स हाताने चिकटवण्याची अटही घालावी.

काम झाकले जाण्यापूर्वी पडद्याची आणि पत्र्यांची छायाचित्रे मागून घ्यावीत. वादळानंतर विम्याचा दावा करण्याची वेळ आल्यास, छप्पर आधी सुस्थितीत होते, हे दाखवण्यास ती उपयोगी पडतात, कारण अचानक झालेली हानी आणि हळूहळू झालेली झीज यांत विमा कंपन्या फरक करतात.

काका