चांदीचं चूर्ण, भस्म की कीस?

ऐरोलीहून:
रबाळे एमआयडीसीत आमच्याकडे सर्किटवर छापायची चांदीची पेस्ट बनते. नव्या कामगारांसाठी मराठी माहितीपत्रक लिहितेय. धातूच्या पावडरीला ‘भस्म’ म्हणावं, असं एका सहकाऱ्याचं मत आहे. मला ते पटत नाही. योग्य शब्द कोणता?

ठाण्याहून:
ताई, भस्म नकोच. पुटं देऊन, म्हणजे पुन्हा पुन्हा भाजून, धातूचं धातूपण घालवायचं, त्या क्रियेला आयुर्वेदात ‘मारण’च म्हणतात. तुमचं सगळं काम तर त्या धातूपणावर चालतं. तांब्याच्या कणावर ऑक्साइडचा थर चढला की कणाकणांतली विजेची वाट अडते, म्हणून तर तांब्याच्या कणांना चांदीचा मुलामा देतात.

मला स्वतःला ‘कीस’ फार आवडतो. 1890 मध्ये फ्रान्सच्या एदुआर ब्रान्ली यांनी काचेच्या नळीत धातूचा कीस भरला. एरवी वीज जेमतेम जाऊ देणारा तो कीस, जवळपास ठिणगी उडाली की वाहक व्हायचा. नळीला टिचकी मारली की पुन्हा अडायचा. सुरुवातीचे बिनतारी संदेश अशाच नळ्यांनी टिपले. पण कीस निघतो कानशीनं घासून, ओबडधोबड. तुमची चांदी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून कणाकणानं खाली बसवलेली. तिला कीस म्हणता येणार नाही. ‘चूर्ण’ लिहा. त्यातही मूळ अर्थ कुटण्याचा आहे, पण वापरात ती अट आता उरलेली नाही.

ऐरोलीहून:
आणि बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या पिंपात, चपटे केलेले कण? आम्ही ‘फ्लेक’ म्हणतो.

ठाण्याहून:
हा शब्द जपून निवडा. गोल कण एकमेकांना टेकतात ते टोकापुरते. चपटे एकमेकांवर पसरून पडतात, त्यामुळे वाट लवकर जुळते. ‘वर्ख’ सुचेल, पण वर्ख सलग असतो. ‘खवले’ म्हणा. खाडीकाठच्या माणसाला खवल्यांचा आकार समजावून सांगावा लागत नाही.

कळव्याहून:
नुसतं ‘वाहक’ लिहू नका, एसटीचा वाहक आठवतो. ‘विद्युतवाहक’ लिहा. आणि मशीनवर सगळे पावडरच म्हणतात, तेव्हा पहिल्या ओळीत ‘चूर्ण म्हणजेच पावडर’ असं एकदा येऊ दे.

ऐरोलीहून:
बरं. मग मास्कच्या सूचनेतही ‘चूर्ण’च ठेवू?

ठाण्याहून:
तिथे ‘धूळ’ लिहा. डब्यात असतं ते चूर्ण, नाकात जाते ती धूळ.