सत्तरीचा आवाज चोवीसच्या गळ्यातून कसा काढायचा?

बोरीचा दिग्दर्शक:
आमच्या देवळाच्या उत्सवी नाटकात यंदा सत्तरीच्या आजोबांचं काम चोवीस वर्षांच्या पोराकडे आलंय. पोरगा मेहनती आहे, चालणं-बसणं हुबेहूब जमलंय, पण तोंड उघडलं की घात! आवाज खर्जात नेतो, वर कंप देतो आणि तालमीला बसलेली मंडळी हसतात. फोनवर अनोळखी माणूस दोन वाक्यं बोलला तरी आपण त्याच्या वयाचा अंदाज बांधतो. तेव्हा आपला कान नेमकं काय पकडतो?

वाचा-उपचारक, म्हापसा:
आधी तो खर्ज काढून टाका. उतारवयात पुरुषाचा आवाज खाली जात नाही, उलट बऱ्याच जणांचा थोडा चढतो आणि पातळ होतो. स्वरतंतू बारीक होतात, मिटताना मध्ये फट राहते, तिथून हवा निसटते. बायकांचा आवाज मात्र पाळी गेल्यावर जाडसर होतो, म्हणून कितीतरी आज्यांना फोनवर 'काका' ऐकून घ्यावं लागतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

कंप सगळ्यांना नसतोच. वय कळतं ते बरंचसं वेगावरून आणि दमावरून. छातीचा पिंजरा ताठरतो, एका श्वासात कमी शब्द मावतात. 'अरे, दार लाव, पाऊस आत येतोय' हे वाक्य त्याला 'लाव'पाशी तोडू दे. तिथे श्वास घेऊ दे, खांदे किंचित उचलले गेले तरी चालतील. मग 'येतोय' म्हणताना शेवटी हवाच उरावी.

भजनी, केरी:
सगळ्यांना हे लागू नाही, ताई. आमच्या फडातले एक बुवा ऐंशीच्या पुढचे आहेत, पण अभंग उचलला की पन्नाशीचे वाटतात. मंगेशीशी नातं असलेल्या लताबाईच घ्या: जन्म १९२९चा, आणि २००६ सालीही चित्रपटासाठी गात होत्या.

वाचा-उपचारक, म्हापसा:
खरंय, रियाजाचा गळा वय लपवतो. तसाही आपला अंदाज सहज दहा वर्षांनी चुकतो: म्हातारे आहेत त्याहून तरुण वाटतात, तरुण थोडे थोराड. धूम्रपानाने आवाज घोगरा होतो, तो भाग वेगळा. दिग्दर्शकबाब, तुमचे आजोबा आयुष्यभर काय करत होते?

बोरीचा दिग्दर्शक:
प्राथमिक शाळेत मास्तर होते.

वाचा-उपचारक, म्हापसा:
मग उच्चार स्वच्छ ठेवा, शब्द चिरडू नका. वर्गात ओरडून ओरडून मास्तरांचा गळा लवकर बसतो, म्हणून थोडी खरखर चालेल. पण ती त्या पोराने घसा आवळून काढायची नाही, तालमीतच आवाज जाईल.

बोरीचा दिग्दर्शक:
आमच्या मंचावर माईक वर टांगलेले असतात. श्वास मागे पोचेल?

भजनी, केरी:
नाही पोचणार. तोडलेली वाक्यं पोचतील, त्यावर भर द्या.