अनुभव धागा: उशाशी साठलेली पुस्तकं आणि आईची दहा मिनिटं

माझ्या उशाशी आत्ता नऊ पुस्तकं आहेत. सर्वांत खाली बायबल अभ्यासाचं एक जाडजूड पुस्तक, त्यातली खूण गेल्या नाताळापासून चौथ्याच पानावर. त्यावर प्रार्थनेविषयीची दोन, मुलं वाढवण्याबद्दलचं एक, मैत्रिणीनं प्रेमानं दिलेलं एका मिशनरी बाईंचं चरित्र, दोन कादंबऱ्या, धाकटीचं नोहाच्या तारवाचं चित्रपुस्तक आणि सगळ्यात वर माझं बायबल. वर आहे म्हणून तेवढंच उघडलं जातं. तेही रोज नाही.

मला वाचायला मनापासून आवडतं. पण सात आणि तीन वर्षांची मुलं, नोकरी, शिवाय रविवारी संडे स्कूलचा वर्ग. रात्री पुस्तक हातात घेते, एकच परिच्छेद तीनदा वाचते आणि दिवा चालू ठेवूनच झोपून जाते. वेळ मिळत नाही याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त त्रास याचा होतो की तो ढीग पाहिला की देवाचं काही देणं थकलंय असं वाटतं. तुम्ही कसं जमवता? जमत नसेल तर तेही लिहा. उपदेश नको, घरात खरोखर काय होतं ते सांगा.

चार महिन्यांच्या बाळाची आई

रात्री दोनचं आणि पहाटे पाचचं पाजणं, हीच माझी वाचायची वेळ. आधी फोनवर वाचायचे. पण फोन उघडला की आधी निरोप दिसतात आणि त्या उजेडानं बाळही टक्क जागं होतं. मग नवा करार आणि स्तोत्रं असलेली, एका हातात मावणारी छोटी प्रत काढली. अंगठ्यानं पान धरायचं, मंद दिवा मागे ठेवायचा.

स्तोत्र ११९ मी आयुष्यभर टाळत आले होते. १७६ वचनं! पण ते आठ-आठ वचनांच्या २२ भागांत बांधलेलं आहे, हिब्रू वर्णमालेच्या एकेका अक्षराला एक भाग. आठ वचनं म्हणजे बाळाची एक बाजू पिऊन होईपर्यंतचा वेळ. एका पाजण्याला एक भाग, असं ठरवलं. काही रात्री डोळेच उघडत नसत, त्यामुळे मला पाच आठवडे लागले. एकोणिसाव्या भागात १४८ वं वचन आलं. स्तोत्रकर्ता म्हणतो, तुझ्या वचनाचं मनन करायला रात्रीच्या प्रहरांआधीच माझे डोळे उघडे असतात. घड्याळात सव्वादोन वाजले होते. मी त्या अंधारात रडले, आणि ते रडणं दमल्याचं नव्हतं. कोणीतरी आपल्यासोबत जागं आहे असं वाटलं.

रात्रपाळी करणारी परिचारिका, दोन मुली

माझं वाचन बसमध्ये. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता, हे मला फार आवडतं. प्रवासात वाचणाऱ्या माणसाला देवानं तिथेच गाठलं, फिलिप्पाला त्याच्याकडे पाठवलं!

माझा नियम एकच: ढिगातलं एकच पुस्तक पिशवीत टाकायचं आणि ते संपेपर्यंत बाकीच्यांकडे बघायचं नाही. पुस्तकही पातळ निवडते. सध्या ब्रदर लॉरेन्सचं छोटं पुस्तक आहे. हा सतराव्या शतकातला साधा मठवासी, पॅरिसच्या मठात वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात राबला आणि भांड्याकुंड्यांच्या गडबडीतच देवाच्या सहवासात राहायला शिकला. पुस्तकात थोडे संवाद आणि पत्रं आहेत. एक पत्र दोन-तीन थांब्यांत वाचून होतं. उतरल्यावर वॉर्डापर्यंत चालताना त्यातलं एक वाक्य मनात घोळवायचं, एवढंच.

तीन मुलांची आई

"वर्षात संपूर्ण बायबल" दोनदा सुरू केलं, दोन्ही वेळा लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात अडकले. ११८९ अध्याय म्हणजे रोज तीन-चार. एक मूल तापलं की आठवडा मागे, आणि मग मागे पडलेल्या तारखाच अंगावर येतात. तिसऱ्यांदा तक्त्यावरची तारखांची पट्टी कात्रीनं कापून टाकली. चौदा महिने झाले. आता यिर्मयाच्या पुस्तकात आहे.

कॅथलिक आई

आमच्याकडे मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, वाचनं ठरलेली असतात, त्यामुळे "काय वाचू" हा प्रश्नच पडत नाही. रविवारची शुभवर्तमानं तीन वर्षांच्या चक्रात येतात: एक वर्ष मुख्यतः मत्तय, एक मार्क, एक लूक. शनिवारी रात्री मुलं अंथरुणात शिरली की उद्याचा उतारा मी मोठ्यानं वाचते. दुसऱ्या दिवशी वेदीजवळून तीच ओळ आली की मधला हळूच माझा हात दाबतो. माझं स्वतःचं वाचन वेगळं होत नाही अजून. पण त्या शनिवारच्या उताऱ्यासाठी मी आधी दोनदा वाचून ठेवते, कारण थोरली प्रश्न विचारते.

मार्थाच्या बाजूनं बोलणारी

वाचनाचा विषय निघाला की कोणीतरी लूक १० काढतंच. येशू घरी आला तेव्हा मरीया त्याच्या पायांशी बसली, तिची बहीण मार्था कामात गुंतली. मी ते बऱ्याच वेळा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी सिंकमधली भांडी आठवून मान खाली घातलीय. पण मार्थाची गोष्ट तिथे संपत नाही. योहान ११ वाचा. भाऊ मेलाय, घर दुःखात आहे, आणि "तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस" ही कबुली हीच मार्था देते. कामाच्या बाईच्या मनात वचन शिरलेलंच होतं. येशूनं तिला प्रेमानंच समजावलं होतं, हे मला दोन्ही अध्याय एकत्र वाचल्यावर कळलं.

मी भांडी घासताना ऐकते. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या सुरुवातीलाच वाचून दाखवणारा आणि ऐकणारे, दोघांनाही धन्य म्हटलंय. त्या काळी बहुतेकांनी शास्त्र ऐकलंच असणार, घरोघरी प्रत कुठून असणार?

आता मोठी झालेली लेक

मी आई नाही, पण लिहावंसं वाटलं. माझी आई शिवणकाम करायची. मशीनच्या डाव्या बाजूला तिचं बायबल उघडं असायचं, वर कात्री ठेवलेली, पान उडू नये म्हणून. एक शिवण झाली की दोन ओळी. आम्हाला वाटायचं ती वाचतच नाही, नुसतं ठेवते.

ती गेल्यावर ते बायबल माझ्याकडे आलं. पानांच्या घडीत धाग्याचे तुकडे आहेत, निळे, पांढरे, एक लाल. समासात पेन्सिलीनं बारीक तारखा. स्तोत्र १२१ पाशी सात तारखा आहेत. त्यातली एक माझ्या ऑपरेशनची. त्या दिवशी ती दिवसभर माझ्याजवळ होती, मग वाचलं कधी, मला आजही कळलेलं नाही.

फक्त कादंबऱ्या वाचणारी

एक सांगते. "आत्मिक" नसलेलं वाचताना मला पूर्वी अपराधी वाटायचं. मग "स्मृतिचित्रे" वाचलं. लक्ष्मीबाई टिळकांना लग्नानंतर नवऱ्यानं अक्षरं शिकवली, आणि त्याच बाईंनी पुढे त्यांचं अपुरं राहिलेलं "ख्रिस्तायन" हे महाकाव्य पूर्ण केलं. हे आत्मचरित्र वाचताना मी जितकी देवाजवळ गेले तितकी काही प्रवचनांनी गेले नाही. प्रकरणं अशी की मध्येच मुलानं हाक मारली तरी धागा तुटत नाही. त्या ढिगातल्या कादंबऱ्या तळाला ढकलू नका, ताई.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. लेकीचा अनुभव वाचून उठले आणि पेन्सिल शोधली.

प्रेषित पौलानं तुरुंगातून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी झगा आणि पुस्तकं आण, असं सांगितलंय. मरण समोर दिसत असताना हा माणूस पुस्तकं मागत होता, आणि ती वाचून झाली का ते कुठेच लिहिलेलं नाही. चरित्र पिशवीत टाकलंय. अभ्यासाचं जाड पुस्तक कपाटात ठेवलं, धाकटी शाळेत जायला लागेपर्यंत.

आणि काल रात्री मोठ्याला रूथचा पहिला अध्याय वाचून दाखवला. चारच अध्याय, म्हणून निवडलं. रूथची सासू नामी म्हणते ना, मला नामी (म्हणजे गोड) म्हणू नका, मारा (म्हणजे कडू) म्हणा, कारण माझं जीवन कडू झालंय. तो म्हणाला, "मग पुढच्या ओळीत परत नामीच का लिहिलंय?" मी पान परत पाहिलं. खरंच, तिला मारा कोणीच म्हणत नाही. इतकी वर्षं वाचूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. उद्या सांगते म्हटलंय. तुम्ही काय सांगाल त्याला?