मदत हवी आहे : वडिलांना जबाबासाठी बोलावलंय, पोलिसांशी बोलायचं कसं?

मंडळी, कोल्हापुरातल्या जाणकारांनी जरा सांगा.

शाहू स्टेडियमवरची मॅच सुटल्यावर आमच्या गल्लीत दोन पेठांच्या पोरांत जुंपली. दगडफेक झाली, गाड्यांच्या काचा फुटल्या. वडील (वय ६८) गॅलरीतून बघत होते. काल ठाण्यातून फोन : "काका, उद्या येऊन जावा, जबाब घ्यायचाय." कशाबद्दल विचारलं तर "आल्यावर सांगतो की", आणि फोन बंद. उद्धट नाही, पण तुटक. तेव्हापासून वडिलांचं जेवणात मन नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना उतरवत नाही.

घरी या म्हटलं तर 'लई शहाणे' म्हणून डोक्यात ठेवतील का? वकील नेला तर संशय येईल? भाऊ म्हणतो, नगरसेवकाला फोन करायला सांगू. मला ते पटत नाही.

करवीरकर : नगरसेवक राहू दे ओ. साध्या साक्षीदारासाठी वशिल्याचा फोन गेला की तपास करणाऱ्याला वाटणारच, ह्यांचं काहीतरी अडकलंय. आधी एवढंच विचारा, साक्षीदार म्हणून बोलावताय ना? आरोपीला द्यायची नोटीस वेगळी असते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची. तसं काही निघालं तर मात्र वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

खाकीघरची : माझे बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले, म्हणून लिहिते. तुटक बोलण्याचा अर्थ राग असा लावू नका. असे फोन बऱ्याचदा रायटर (ठाण्यातलं लिहायचं काम बघणारा पोलीस) करतो. त्याच्यापुढं नावांची यादी, त्यात बंदोबस्त, वर साहेबांचा तगादा. शिवाय केसचं फोनवर बोलायचं नसतं, पलीकडं कोण ऐकतंय त्याला काय माहीत?

तुमची बाजू भक्कम आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९ (१ जुलै २०२४ पासून लागू, आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १६० होतं). साक्षीदाराला बोलवायचं तर लेखी आदेश लागतो, आणि ६० च्या वरच्या माणसाला राहत्या जागेशिवाय दुसरीकडं हजर राहायची सक्ती करता येत नाही. पण सुरुवातच कलमानं करू नका, समोरचा लगेच ताठतो. म्हणा, "साहेब, वडील जबाब द्यायला तयार आहेत, जिना तेवढा उतरवत नाही. तुमच्या सोयीची वेळ सांगा, आम्ही घरीच आहोत." बोलणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि गुन्हा रजिस्टर नंबर विचारून घ्या. विचारण्यात गैर काही नाही. तरी अडून बसले तर कलमासकट साधा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

धागाकर्ता : फोन केला. आधी "बघतो" म्हणाले, मग स्वतःच फोन करून संध्याकाळी येतो म्हणाले. आता वडिलांचा प्रश्न : पोरांची नावं विचारली तर? अंधार होता, एकालाच ओळखलं, तोही आमच्याच गल्लीतला.

खाकीघरची : ओळखलं त्याला ओळखलं म्हणायचं, बाकीच्यांचे चेहरे दिसले नाहीत म्हणायचं. अंदाजानं नाव घेऊ नका, पुढं कोर्टात उलटतपासणी होते. लिहिलेला जबाब वाचून दाखवा म्हणावं, चुकलं असेल तिथं तिथल्या तिथं सांगावं. आणि तपासातल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कलम १८१.