मदत हवी आहे: टीव्ही न्यूज सोडून कम्युनिकेशन्समध्ये जायचंय, टेस्टमध्ये नक्की काय लिहू?

बूमवाली
सोमवारी नोकरीची लेखी टेस्ट पुन्हा द्यायची आहे म्हणून थेट विचारते. 'प्रकल्पाला स्थानिकांचा विरोध आहे. ऑक्टोबरपासून सहा महिन्यांचा कम्युनिकेशन प्लॅन दोन पानांत द्या', एवढंच आलंय. मी प्रेस नोट, पत्रकार परिषद, संपादकांच्या भेटी असं पाठवलं, तर 'हे मीडिया रिलेशन्स झालं, स्ट्रॅटेजी कुठाय?' म्हणून परत! वर अनुभवाचं पत्र मागतायत, ते चॅनेल देत नाही. ज्यांनी हा बदल केलाय त्यांनीच लिहा. शुभेच्छा नकोत.

दर्याकिनारा
एजन्सी की कंपनी? प्रकल्प कसला? तुम्ही पगारी की बातमीमागे पैसे घेणाऱ्या स्ट्रिंगर?

बूमवाली
कंपनी. रत्नागिरी जिल्हा. बाकीच्याने काय फरक पडतो?

माजी_इनपुट
मी चॅनेलचा असाइनमेंट डेस्क (कुठली बातमी कोणी करायची ते ठरवणारा) सोडून इकडे आलो. आपल्याला संध्याकाळचं बुलेटिन भरायची सवय. इथे आधी विचारतात: कोणाशी बोलायचंय, तो आज काय म्हणतोय, आणि सहा महिन्यांनी काय म्हणाला म्हणजे काम झालं? तुमच्या प्लॅनमध्ये पत्रकार सोडून माणूसच नाही. मच्छीमाराला समुद्रात काय सोडणार याची धास्ती, बागायतदाराला मोहोराची, आणि मुंबईतला चाकरमानी सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून बोलणार. तिघांना एकच पत्रक कसं चालेल?

पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी व्हायची आहे का बघा. 2006 च्या अधिसूचनेनुसार किमान 30 दिवस आधी नोटीस, पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश मराठीतही. ती तारीख धरून मागे मोजत प्लॅन लिहा.

रापण
वा! म्हणजे सुनावणीत गाव कसं गप्प बसवायचं याची शिकवणी. एप्रिल 2023 मध्ये बारसूला रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, तेव्हा समोर बूम (चॅनेलचा माइक) धरून तुमच्यातलेच उभे होते ना? उद्या त्यांच्यासमोर कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून जाणार?

माजी_इनपुट
गप्प बसवा असं कुठे लिहिलंय? नाणारच्या रिफायनरीसाठी भूसंपादनाची अधिसूचना 2019 मध्ये रद्द करावी लागली, ती काय जाहिराती कमी पडल्या म्हणून? गाव काय म्हणतंय ते साहेबाला तोंडावर सांगणारं कोणी तरी आत लागतंच.

रापण
सांगेल, आणि साहेब ऐकेल. बरं. 1832 मध्ये दर्पण काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगडच्या पोंभुर्ल्याचे. त्यांच्या मुलखातले पत्रकार आता हे करणार.

पीएफ_काका
नोकरी बदलताना पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलात तर कर लागतो.

बूमवाली
काका, मला पीएफच नाही. बातमीमागे पैसे मिळतात.

दर्याकिनारा
म्हणजे स्ट्रिंगर! पहिल्यांदा हेच विचारलं होतं. चॅनेलच्या लेखी तुम्ही कर्मचारीच नाही, मग अनुभवपत्र कुठलं देणार? इन्कम टॅक्सच्या साइटवरून 26एएस, म्हणजे कापलेल्या कराचा उतारा, उतरवा. 194जे (व्यावसायिक शुल्काचं कलम) खाली टीडीएस कापला असेल तर चॅनेलचं नाव, वर्ष, रक्कम सगळं दिसतं. सोबत नावाची पट्टी दिसेल अशा पीटीसींच्या (कॅमेऱ्याकडे बघून बोललेल्या तुकड्यांच्या) लिंक द्या. माझ्या एचआरने एवढ्यावर घेतलं होतं.

बूमवाली
दिसतंय, पण अलीकडचंच. आधीचे पैसे जिल्हा प्रतिनिधीच्या खात्यातून यायचे.

दर्याकिनारा
मग त्यांच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या. चॅनेलचं लेटरहेड नको.

देवगडवालो
गो बाय, पगार किती देतत ता पयला सांग.

माजी_इनपुट
प्लॅनमध्ये एक भाग तुमच्या हक्काचा आहे: अपघात झाला तर पहिला तास. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्यात होतं तेव्हा डेस्कवरून आम्ही दिसेल त्या नंबरवर फोनोसाठी (फोनवरून थेट बुलेटिनमध्ये बोलण्यासाठी) फोन लावत होतो. जो उचलेल त्याचं बोलणं दिवसभर चालायचं. म्हणून कंपनीकडून कोण बोलणार, कोणाला विचारून, 'माहिती घेतोय' याच्या पुढे नक्की काय सांगणार, हे लिहून द्या. एजन्सीतल्या पोरांना हे जमत नाही.

बूमवाली
हे कामाचं आहे. चाकरमान्यांना कधी गाठायचं? गणपती सहा महिन्यांत येत नाहीत.

दर्याकिनारा
शिमगा येतो ना मार्चमध्ये. पालखी घरोघरी फिरते, अर्धी मुंबई गावात असते. फक्त सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागी, कंपनीचा बॅनर नको. गावकार आणि मानकऱ्यांना आधी भेटा, तेही पालखी उठायच्या आधी. एकदा ढोल सुरू झाले की कोणी तुमचं ऐकणार नाही.