मदत हवी आहे : ४० मिनिटांत मत पटवून देणारा निबंध कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोजवळ राहतो. लेक अकरावीत आहे आणि लवकरच एसीटी (इथली कॉलेज प्रवेशाची परीक्षा) देतेय, ऐच्छिक रायटिंगसकट, म्हणजे निबंधासकट. एक विषय, त्यावर तीन मतं, आणि ४० मिनिटांत आपलं मत मांडून त्या तिघांशी त्याचं नातं दाखवायचं. दोन परीक्षक चार निकषांवर तपासतात, गुण २ ते १२.

तिचं घोडं प्रस्तावनेतच अडतं. रविवारी स्वयंपाकघरातला टायमर लावून बसवलं. विषय होता माणसाची कामं करणारी यंत्रं. पहिल्या परिच्छेदातच १७ मिनिटं गेली, तीनदा खोडला, आणि शेवटचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिन्ही मतं नीट सांगितली होती, पण तिचं स्वतःचं शोधूनही सापडेना.

नंतर पोळी खाताना म्हणाली, सांगलीची आजी एटीएम असूनही बँकेत रांग लावते, कारण खिडकीपलीकडची बाई तिच्या गुडघ्यांची चौकशी करते. मी म्हटलं, अगं, हेच लिही ना! तर म्हणे, असं घरातलं परीक्षेत चालतं का? मला वाटतं चालावं, पण अनुभवी माणसाने सांगितलं तर तिला पटेल.

ज्यांच्या मुलांनी ही परीक्षा दिलीय त्यांनी कृपया सांगा: आराखड्याला किती मिनिटं द्यावीत? विरुद्ध मताचं खंडन वेगळ्या परिच्छेदात करावं की ओघात? आणि मला सगळ्यात अडलेलं म्हणजे, सुधारणेसाठी तोच निबंध पुन्हा लिहून घ्यावा की दरवेळी नवा विषय द्यावा? कुणी तिचा एखादा निबंध वाचून दिलात तर फार उपकार होतील.